आराखडा आणि उद्रेक : बाबूराव बागुलांच्या कथेच्या निमित्ताने

नाशिकरोडला एका वाचनालयात आम्ही काही मंडळी महिन्यातून एकदा जमतो. कुणी कथा वाचतो, कुणी कविता. मग त्यावर बोलणे होते. मागे एका बैठकीत महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने आपली पहिली कथा वाचली. कथा अर्धीच होती. वाचून झाल्यावर तिने मला विचारले, "सर, सगळी गोष्ट आधी ठरवून मग लिहायला बसायचं, की सुचेल तसं लिहीत जायचं? ठरवून बसले तर पात्रं बोलतच नाहीत. न ठरवता बसले तर गोष्ट भलतीकडेच जाते."

मी काही बोलण्याआधीच तिला दोन उत्तरे मिळाली. एक ज्येष्ठ कवी म्हणाले, "आपल्याला आराखडा कशाला हवा? आपलं जगणं हीच कथा. ती आपोआप येते." चळवळीत आयुष्य घालवलेले एक कार्यकर्ते म्हणाले, "आधी भूमिका पक्की कर. भूमिका पक्की असली की कथेला वाट शोधावी लागत नाही." मुलीने दोन्ही उत्तरे वहीत लिहून घेतली आणि ती गप्प बसली. मीही गप्प बसलो. दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटत होती, पण का, ते त्या वेळी सांगता आले नाही. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

आराखडा की उत्स्फूर्तता, हा प्रश्न सगळ्याच लेखकांपुढे असतो. मराठीत ना. सी. फडके यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून कथेच्या तंत्राचा शास्त्रोक्त पाठ दिला. कथानकाची गाठ कशी मारावी, ती कुठे सोडवावी, याचा हिशेब त्यात होता. त्याविरुद्ध 'स्फुरण' मानणारा दुसरा पंथ होता. या दोन पंथांचे भांडण आपल्याला घरगुती वाटण्याचे कारण नाही. मात्र दलित लेखकापर्यंत हा प्रश्न येतो तेव्हा तो निव्वळ तंत्राचा राहत नाही. आपल्या जगण्याचा आराखडा शतकानुशतके दुसऱ्यांनी केला. कुणी गावाच्या कोणत्या बाजूला राहायचे, कोणत्या पाणवठ्यावर जायचे, कोणते काम करत मरायचे, हे सारे आपण जन्मण्याआधीच ठरलेले होते. गावगाड्याइतका पक्का आराखडा दुसरा दाखवता येणार नाही. अशा माणसाने लेखणी हातात घेतली की त्याला सांगितले जाते, तू आखणी करू नकोस, तू फक्त उसळ. या सल्ल्याकडे मी संशयाने पाहतो.

१९६३ हे साल घ्या. त्या वर्षी मराठीत दोन पुस्तके आली. एक भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही कादंबरी, दुसरे बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' हा कथासंग्रह. 'कोसला' अगदी थोड्या दिवसांत, सपाट्याने लिहून झाली, असे साहित्यवर्तुळात कौतुकाने सांगितले जाते. तिच्यातल्या मोकळेपणाला शैली म्हटले गेले, त्यामागे कादंबरीविषयीचा विचार आहे हे मान्य झाले. आणि ते योग्यच झाले. बागुलांच्या वाट्याला मात्र 'उद्रेक', 'स्फोट', 'दाहक अनुभव', 'लाव्हा' हे शब्द आले. हे शब्द प्रेमानेही वापरले गेले. आपल्याच मंडळींनी ते अधिक वापरले. पण लाव्ह्याला कुणी कारागीर म्हणत नाही. ज्वालामुखीने काय वगळले, काय मागे ठेवले, कोणते वाक्य तीनदा खोडले, असे कुणी विचारत नाही. स्तुतीच्या या शब्दांनी लेखकाचा विचार करण्याचा हक्क अलगद काढून घेतला.

माझा स्वतःचा एक किरकोळ अनुभव सांगतो. तरुणपणी मी एका मासिकाकडे कथा पाठवली. ती परत आली, सोबत शेरा होता, "अनुभव अस्सल, मांडणी सैल." मी वर्षभर खपून दुसरी कथा बांधून काढली. तीही परत आली. या वेळचा शेरा होता, "मांडणी फार जुळवलेली, अनुभवाचा ताजेपणा हरवला." दोन्ही कथा कदाचित वाईटच असतील. तरीही त्या दोन शेऱ्यांच्या मध्ये उभे राहायला मला जागा सापडेना, ती पुढे बागूल वाचताना सापडली.

बागूल आपल्या नाशिकचे. १९३० साली विहितगावला जन्मले, लहानपणीच मुंबईला माटुंगा लेबर कॅम्पात गेले, २००८ साली नाशिकलाच वारले. काही काळ त्यांनी रेल्वेत नोकरी केली. सुरतेकडचा तो अनुभव शीर्षककथेच्या मागे आहे. एवढ्यावरून ती कथा 'घडले तसे लिहिले' अशी समजली जाते. ती पुन्हा वाचून पाहावी.

कथेचा निवेदक सुरतेजवळ उधन्याला रेल्वेच्या नोकरीवर येतो. खोलीचा प्रश्न येतो आणि खोलीबरोबर जातीचा. तो जात लपवतो. रामचरण तिवारी हा सहकारी त्याच्या कवितेवर लुब्ध होतो, त्याला मान देतो, जवळचा मानतो. काशिनाथ सकपाळ हा दुसरा महार कामगार जात लपवत नाही. तो अंगावर येणाऱ्याच्या अंगावर जातो. शेवटी निवेदकाची जात उघडी पडते, जमाव त्याला मारतो आणि काशिनाथ धावून येऊन त्याला सोडवतो.

आता या कथेचे नाव पाहा. नावातच गुपित फोडलेले आहे. जात चोरली 'होती', म्हणजे पुढे काय झाले हेही जवळजवळ सांगून टाकले आहे. रहस्य राखून शेवटी धक्का द्यायचा, हे फडके पठडीचे तंत्र बागुलांना सहज वापरता आले असते. त्यांनी ते पहिल्याच ओळीआधी फेकून दिले. याचा परिणाम असा की वाचकाला जे ठाऊक आहे ते रामचरणला ठाऊक नाही. तो जितका प्रेमाने वागतो तितकी वाचकाच्या पोटात भीती उठते. कौतुकाचा प्रत्येक शब्द ऐकताना आपण मनात म्हणतो, हा हात उद्या मारणाऱ्यांत असेल का? ही भीती नुसत्या अनुभवातून येत नाही. कोणती गोष्ट कुणाला आधी कळू द्यायची, याच्या निर्णयातून ती येते. तो निर्णय लेखकाचा आहे.

काशिनाथही असाच. प्रत्यक्ष आयुष्यात असा माणूस बागुलांना भेटला असेल किंवा नसेल. कथेत तो निवेदकाच्या बरोबर समोर उभा केलेला आहे. एक जण पावलापावलाला हिशेब करतो, दुसरा हिशेब करतच नाही. एकाला खोली हवी आहे, कवितेचा मान हवा आहे. दुसऱ्याने त्या सगळ्यावर पाणी सोडले आहे. शेवटच्या प्रसंगात हे दोघे एकत्र येतात तेव्हा ज्याच्यापासून निवेदक अंतर राखून होता तोच त्याला वाचवतो. हे आपोआप जुळून आले, असे म्हणणाऱ्याने एकदा स्वतः अशी कथा लिहून पाहावी.

याहून खोल एक गोष्ट या कथेत आहे, आणि त्या मुलीच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे. जात चोरणारा माणूस आराखड्याशिवाय एक दिवसही जगू शकत नाही. गाव विचारले तर काय सांगायचे, आडनाव विचारले तर काय, जेवायला बोलावले तर कोणते निमित्त काढायचे, हे सगळे तो रात्री पाठ करून ठेवतो. पण समोरचा माणूस पाठ केलेला प्रश्न विचारीत नाही. तो भलतेच काही विचारतो आणि त्या क्षणी उत्तर जुळवावे लागते. ठरवणे आणि ऐनवेळी सुचणे ही दोन्ही कामे तो माणूस एकाच श्वासात करतो, कारण चुकला तर मार आहे. आपल्यापैकी ज्यांनी शहरात भाड्याने खोली शोधली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. बागुलांच्या कथेची बांधणी या जगण्यातून आलेली आहे.

'आई' ही त्यांची कथा घ्या. ती वर्गात सुरू होते. मास्तर आईवरची कविता शिकवीत आहेत आणि एक दलित मुलगा तिच्यातला शब्द न् शब्द पीत आहे. पुढे त्याच मुलाला त्याच्या आईवरून हिणवले जाणार आहे. वाचक पहिली ओळ वाचतो तेव्हा त्याला यातले काही ठाऊक नसते. लेखकाला मात्र शेवट माहीत असल्याखेरीज ही सुरुवात निवडताच आली नसती. याउलट 'मरण स्वस्त होत आहे'. या नावाचा संग्रह १९६९ चा. शीर्षककथेत मुंबईवर लिहू पाहणारा निवेदक आणि त्याचा कवी मित्र झोपडपट्टीतून फिरतात. एक माणूस भेटतो, त्याची कहाणी होते; मग दुसरा. ठरवून आलेली गोष्ट बाजूला राहते आणि भेटलेली माणसे तिची जागा घेतात. म्हणजे एकच लेखक एका कथेत शेवट हातात धरून मागे येतो, तर दुसरीत वाटेवर जे भेटेल त्याला जागा देतो. आशय काय मागतो ते ओळखणे, यालाच मी लेखकाची बुद्धी म्हणतो.

बागुलांचा दोषही सांगितला पाहिजे, नाहीतर आपण समीक्षा सोडून आरती करू. त्यांच्या कथेत जागोजागी निवेदक भाषण करू लागतो, विशेषणांची रास पडते. मार खाल्लेला निवेदक मारणाऱ्या हातांच्या मागे मनूला पाहतो. पण तिथपर्यंत येणाऱ्या वाचकाने त्याला आधीच पाहिलेले असते. मला वाटते, अशा ठिकाणी आखणी कमी पडली नाही. आखणीने काम फत्ते केले होते, पण लेखकाचा तिच्यावर विश्वास बसला नाही. कदाचित १९६३ च्या वाचकावरही बसला नसेल. त्या काळी कोण वाचणार आणि कसे वाचणार, याची खात्री त्यांना कुणी दिली होती?

आता 'आपोआप येते' या मताकडे वळू. हे मत मांडणारे आपल्या लोकपरंपरेचा दाखला देतात. तमाशातल्या वगाला लिहिलेले संवाद नसत, वामनदादा कर्डक उभ्या उभ्या गाणे रचत, अण्णा भाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले आणि तरी 'फकिरा' लिहून बसले. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत; त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

वगाला लिहिलेले संवाद नसत, पण तमाशाला साचा होता. गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम ठरलेला. वगाचे कथानक ठरलेले, कोणता राजा कुठे फसणार ते ठरलेले. त्या चौकटीत सोंगाड्या रोज नवे बोले. गावच्या पाटलाचा कालचा पराक्रम आज रात्री वगात येई. चौकट पक्की होती म्हणूनच त्याला इतके मोकळे बोलता येत होते. पुढे सत्यशोधक जलशाने आणि मग आंबेडकरी जलशाने काय केले? त्यांनी हा साचाच पालटला. गवळणीतला शृंगार काढला आणि त्या जागी जागृतीचा विषय आणला. आपल्या नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक हे या जलशांचे मोठे नाव. त्यांनी १९७८ साली 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहून या साऱ्याची नोंद ठेवली. ज्या लोकांनी शेकडो वर्षांचा साचा उघडून त्याचे भाग बदलले, त्यांना आखणी कळत नव्हती असे कोण म्हणेल?

वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मोठेपणी अक्षरओळख झाली. उभ्या उभ्या रचलेल्या त्यांच्या गाण्यामागे आधी गायलेल्या हजारो गाण्यांचा रियाज होता. चाल, यमक, मुखडा हे सारे हातापायाइतके सवयीचे झालेले होते. आणि अण्णा भाऊ? १९५९ ची 'फकिरा' फकिरापासून सुरू होत नाही. ती त्याच्या बापापासून, राणोजीपासून सुरू होते. राणोजी शेजारच्या गावची जोगिणी आणतो आणि त्यापायी मारला जातो. बापाचे ते मरण पोराच्या साऱ्या आयुष्यावर पसरते. नायकाच्या आधी नायकाचा वारसा उभा करायचा, हा कादंबरीकाराचा निर्णय आहे. लाल बावटा कलापथकात वग उभे करताना अण्णा भाऊंनी जे कमावले ते इथे कामी आले असणार. दीड दिवसाच्या शाळेची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. सांगताना त्या कलापथकातल्या वर्षांचा अभ्यास विसरतो.

आता दुसरे उत्तर. भूमिका पक्की केली की कथेला वाट सापडते, असे आमचे कार्यकर्ते मित्र म्हणाले. या उत्तराची किंमत मी स्वतः मोजली आहे.

काळाराम मंदिर सत्याग्रहावर कादंबरी लिहायची असे मी १९८० नंतर ठरवले. सारी साधने जमवली. २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला; दादासाहेब गायकवाडांचे नेतृत्व; रामनवमीच्या रथावरून झालेली दगडफेक; सगळे टिपून घेतले. बावीस प्रकरणांचा आराखडा केला आणि भिंतीवर लावला. नायक तरुण, निर्भय, पहिल्या प्रकरणात गावात अपमान, बाविसाव्यात बंद दरवाजासमोर गर्जना. भूमिकेत खोट नव्हती. मी सहा प्रकरणे लिहिली. ती वाचताना मलाच झोप येई.

माझी आत्या त्या वेळी हयात होती. सत्याग्रहाच्या वेळी ती सात-आठ वर्षांची, निफाड तालुक्यातल्या एका खेड्यात. तिचा बाप सत्याग्रहाला नाशिकला जाऊन आला होता. मी तिला मंदिराविषयी, गोदाकाठच्या गर्दीविषयी विचारीत होतो. ती म्हणाली, "मला देऊळ ठावं न्हाई, बाबा. मला मीठ ठावं हाये. बाप परत आला अन् दुकानदारानं मीठ देनं बंद केलं. माय रोज म्हनायची, आज बिनमिठाचंच खा. देवळात जाऊन काय करनार व्हतो रं आपन, घरात मीठ न्हवतं?"

सत्याग्रहाला गेलेल्यांवर गावोगाव बहिष्कार पडला, हे मी वाचले होते. त्याच मार्च महिन्यात, २ तारखेनंतर दहाच दिवसांनी, दांडीयात्रा निघाली होती, हेही ठाऊक होते. साऱ्या देशात मिठाची चर्चा चालू असताना माझ्या आत्याच्या घरात बिनमिठाचे कालवण शिजत होते. माझ्या बावीस प्रकरणांत या कालवणाला कुठेही जागा नव्हती. आत्याने मांडलेला प्रश्नही त्यात बसत नव्हता, कारण माझ्या नायकाला असा प्रश्न पडायला मनाई होती. मी त्याच्यावर माझी भूमिका लादली होती, जसे आमच्या आज्यावर गावाने त्याचे काम लादले होते. फरक एवढाच की माझा हेतू चांगला होता.

गंमत अशी की आत्याचा प्रश्न खुद्द इतिहासाने विचारला होता. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून मंदिरप्रवेशाचा लढा थांबवण्याचा सल्ला दिला. ती शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळावी असे त्यांचे मत झाले होते. १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यातल्या येवल्याला, त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. पाच वर्षे चाललेल्या लढ्याने जे शिकवले त्यावरून त्यांनी पुढची वाट बदलली. ध्येय तेच राहिले. माझ्या बावीस प्रकरणांत एवढी हिंमत नव्हती.

आराखड्याविषयी बाबासाहेबांकडूनच शिकायचे तर राज्यघटना पाहावी. मसुदा समितीने सादर केलेल्या मसुद्यात ३१५ कलमे होती. २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलेल्या घटनेत ३९५ झाली. वाद झाले, दुरुस्त्या आल्या, काही घेतल्या, काही टाकल्या. मसुद्याशिवाय सभेला वाद घालता आला नसता आणि वादाशिवाय मसुद्याची घटना झाली नसती. कथेचा आराखडाही असाच मसुदा आहे. त्याला पात्रांनी दुरुस्त्या सुचवायच्या असतात आणि लेखकाने त्या मोकळ्या मनाने ऐकायच्या असतात.

अमेरिकेतले कृष्णवर्णीय लेखक रिचर्ड राइट यांनी 'नेटिव्ह सन' (१९४०) ही कादंबरी कशी घडली ते लिहून ठेवले आहे. त्यांना पहिला प्रसंगच सुचेना. ते थांबले नाहीत. पुढचे लिहीत गेले. शिकागोतल्या एका खोलीत सारे कुटुंब उंदराला मारते, हा आज प्रसिद्ध असलेला आरंभ त्यांना नंतर सापडला. सापडल्यावर कळले की साऱ्या कादंबरीचे बीज त्यातच आहे. ठरवून शोधले असते तर तो उंदीर सापडला नसता. पण नंतर त्याला पहिल्या पानावर नेऊन बसवले ते ठरवूनच.

हे सगळे इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण आहे. आपल्याकडे कितीतरी लेखक एका पुस्तकापाशी थांबले. आत्मकथन आले, महाराष्ट्र हादरला, सत्कार झाले आणि पुढे लेखणी मुकी झाली. 'जगणे हीच कथा' असे मानले की जगणे एकदा लिहून संपते. दुसऱ्याचे जगणे, न पाहिलेला काळ, आपल्या विरोधात उभा असलेला माणूस, आपल्याच वस्तीतली दबलेली बाई, हे लिहायचे तर कल्पनेने बांधावे लागते. आणि बांधायचे तर आधी जमीन मोजावी लागते. त्याच वेळी भूमिकेचा तयार नकाशा घेऊन बसणारे पुस्तकामागून पुस्तक लिहितात आणि त्यांच्या सगळ्या पुस्तकांत एकच माणूस एकच भाषण करतो. दोन्हीकडे हानी आपलीच आहे.

त्या मुलीला मी आता इतकेच सांगेन. बाई, लिहायला बसण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिही. गोष्ट कोण सांगतो आहे, कुणाला सांगतो आहे आणि काय लपवतो आहे. शेवट ठाऊक असला तर लिहून ठेव, पण तो पेन्सिलने लिही. मग पात्रांना बोलू दे. ती बोलत नसतील तर तू त्यांना बोलायची मुभा दिली आहेस का ते पाहा. गोष्ट भलतीकडे गेली तर लगेच ओढून आणू नकोस. दोन पाने तिच्या मागे जा. तिथे काही नसले तर परत ये. मीठ सापडले तर आधीची प्रकरणे फाडायला घाबरू नकोस. आणि सगळे लिहून झाल्यावर पुन्हा पहिल्या पानावर ये आणि सुरुवात खरोखर तिथेच आहे का, ते तपास. या कामाला वेळ लागतो. आपल्या माणसाला वेळ मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. कारखान्यातून, शाळेतून, धुण्याभांड्यांतून उरलेल्या तासाभरात आपण लिहितो. म्हणून तर थोडी आखणी अधिकच हवी.

माझी कादंबरी अजून पुरी झालेली नाही. भिंतीवरचा कागद मी कधीच काढून टाकला. आता पहिले प्रकरण एका किराणा दुकानासमोर सुरू होते. एक बाई पदरात पैसे बांधून उभी आहे आणि दुकानदार तिच्याकडे पाहत नाही. पुढच्या बैठकीत हे प्रकरण मी वाचणार आहे. त्या मुलीने तिची अर्धी कथा पुन्हा आणावी. तिच्या कथेवर आम्ही बोलू, माझ्या प्रकरणावर तिने बोलावे.